पुण्याच्या पेठा पायी बघायच्या तर

पुण्यात आलेल्या पाहुण्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "आधी शनिवारवाडा बघा, मग तुळशीबाग." हा सल्ला ऐकणारा अकरा वाजता उन्हात दिल्ली दरवाज्यासमोर उभा राहतो, आत नुसती जोती बघून हिरमुसतो आणि बाराला रिक्षा करतो. पेठा पूर्वेकडून चालाव्यात. अंतर तीन-चार किलोमीटरच आहे, पण सकाळ पुरी द्यायला हवी. गणेशोत्सवात हा बेत नको. त्या दिवसांत मांडव बघावेत, पेठा दिसतच नाहीत.

सकाळी आठच्या सुमारास सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीपासून निघा. 1754 मध्ये काम सुरू होऊन 1770 मध्ये पुरं झालेलं हे दगडी देऊळ आहे. मूर्तीला तीन सोंडा आहेत आणि वाहन मोर. दर्शन घेऊन लगेच निघू नका, दर्शनी भिंत नीट बघा. तिच्यावर साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरलेले आहेत. गाभाऱ्याशी संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. शनिवारवाड्यात तासभर घालवणारे लोक इथे फिरकतही नाहीत.

मग नागझरीचा ओढा ओलांडून कसबा पेठेत शिरा. तांबट आळीत हातोड्यांच्या ठोक्यांचा आवाज आला की त्या दिशेनं वळा. बंब, घंगाळं यांच्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके पाडण्याचं काम, चाललेलं दिसेल. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. पुढे ग्रामदैवत कसबा गणपती आणि लाल महाल. शाहिस्तेखानाची बोटं 1663 मध्ये तुटली ती या लाल महालात नाही. ती वास्तू केव्हाच गेली, आताची इमारत महापालिकेनं विसाव्या शतकात बांधलेली आहे. बाहेरून बघितलं तरी चालतं.

शनिवारवाड्याला अर्धा तास खूप झाला. पायाभरणी 1730 ची, आणि 1828 च्या आगीत आतला वाडा जळून गेला. जे उरलं ते तट, दरवाजे आणि कारंज्याचं बांधकाम. तटावर जाता आलं तर जरूर जा.

खरी गाठ इथून पुढे आहे. शनिवारवाड्यापासून तुळशीबागेपर्यंत फोनमधला नकाशा तुम्हाला शिवाजी रस्त्यानं किंवा बाजीराव रस्त्यानं नेतो. त्या वाटेनं धूर आणि भोंगे सोडून काही पदरात पडत नाही. गल्लीबोळातून जायचं तर नकाशा खिशात ठेवून तोंडानं विचारावं लागतं, आणि पेठांत विचारण्याची एक रीत आहे. ती कळेपर्यंत मी त्याच चौकात फिरून फिरून येत असे.

पहिली गोष्ट, रस्त्याचं नाव विचारू नका. पाटीवरचं नाव तिथे जन्म गेलेल्यालाही चटकन आठवत नाही. इथे चौक, आळी, हौद आणि देव चालतात. हौद आता वाहता नसला तरी फडके हौद म्हटलं की माणूस हात करून दाखवतो. दुसरं, देवाचं नाव पुरं घ्या. "मारुतीचं देऊळ कुठे?" या प्रश्नाला "कुठला मारुती?" असाच उलट प्रश्न येणार. जिलब्या मारुती शुक्रवार पेठेत, पत्र्या मारुती नारायण पेठेत, डुल्या मारुती गणेश पेठेत. एका आडनावाची चूक झाली की गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचाल.

तिसरं, शेवटचं ठिकाण कधी विचारू नका. शनिवारवाड्यापाशी तुळशीबाग विचारलीत की सगळे तुम्हाला मोठ्या रस्त्यालाच लावतील, कारण सांगायला ते सोपं. आधी तांबड्या जोगेश्वरीचं देऊळ विचारा. तिथे पोचल्यावर बेलबाग. एका वेळी एकच टप्पा. चौथं, माणूस पारखून विचारा. बोहनी न झालेल्या दुकानदाराच्या वाटेला जाऊ नका. हारवाल्या मावशी, इस्त्रीवाला, अमृततुल्यसमोर पेपर वाचत बसलेले काका, हे हुकमी. काकांचं उत्तर तुटक असेल, "सरळ जा, डावीकडे वळा" एवढंच. ते बरोबर असतं. दोनदा विचारलंत तर मात्र "सांगितलं ना आत्ताच" ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

आणि एक. बोळ अरुंद होत जाऊन दिंडी दरवाजा लागला, आत तुळशी वृंदावन आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले की थांबा. तो वाडा आहे, कुणाचं तरी राहतं घर. कडी वाजवून "नुसता चौक बघू का?" विचारलं तर पुष्कळदा हो म्हणतात. दुपारी एक ते चार मात्र अजिबात नाही.

जोगेश्वरीपुढे दगडूशेठ गणपती. रांग मोठी असली तर बाहेरूनही मूर्ती दिसते. समोरच भिडे वाड्याची जागा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. जुनी इमारत 2023 मध्ये पाडली.

लक्ष्मी रस्ता ओलांडून विश्रामबाग वाडा गाठा. दुसऱ्या बाजीरावानं 1807 च्या सुमारास बांधला. वाडा कसा असतो ते इथे निवांत बघता येतं, कुणाच्या घरात डोकावावं लागत नाही. दर्शनी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब चुकवू नका.

तुळशीबागेत राममंदिर शोधताना दुकानांकडे नाही, वर शिखराकडे बघा. दारं बांगड्या-क्लिपांच्या मागे लपलेली असतात. मंदिराचं काम नारो आप्पाजी खिरे यांनी 1761 मध्ये काढलं. शेजारीच मंडई आहे, आठ बाजूंच्या मनोऱ्याची, 1886 मधली. पाय बोलायला लागले असतील तर मेट्रोचं स्थानक तिथेच आहे.