मान आखडायची, डोकं दुखायचं: मला कशाने गुण आला

दोन वर्षं मानेची उजवी बाजू आखडलेली. दुपारनंतर ठणका मानेतून वर चढून डोळ्यामागे जायचा, रात्री कूस बदलली की जाग यायची. मी पित्ताच्या गोळ्या घेत राहिले. मूळ मानेत आहे हे फार उशिरा कळलं.

मग कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून-वळवून उपचार करणाऱ्याकडे, गेले. ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत डॅनियल पामर यांनी सुरू केली. मान झटक्याने वळवायला मात्र मी स्पष्ट नकार दिला. क्वचितच, पण त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. (दाढी झाल्यावर न्हाव्याकडून कटकन मान मोडून घेता ना, तेही कृपा करून थांबवा.) त्यांनी हलक्या हाताने सांधे मोकळे केले. दोन-तीन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

खरा फरक घरी पडला. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवला, कीबोर्ड वेगळा घेतला, दोन उशांची एक केली. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सहा आठवड्यांत डोकेदुखी जवळपास गेली, सलग झोप लागू लागली, मुलांवरची चिडचिडही ओसरली.

मानेच्या उपचारांनी थायरॉईड बरा होतो असंही कायरोप्रॅक्टरकडे ऐकलं. त्याला पुरावा नाही. माझी थायरॉईडची गोळी चालूच आहे. आणि हातातला जोर कमी झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मालीश-व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टरांना दाखवा.