महिनोन्‌महिने उभी असलेली मोटार पुन्हा सुरू करताना

ऐरोली, वाशी, कोपरखैरणे किंवा ठाण्यातील कळवा, कोलशेत अशा खाडीलगतच्या भागांत एक-दोन पावसाळे उभी राहिलेली मोटार बाहेरून केवळ धुळकट दिसत असली, तरी दमट हवेने तिच्या आत बरेच काही बिघडवलेले असते. म्हणून नवी बॅटरी बसवून लगेच सेल्फ मारण्याचा मोह आवरावा. चावी फिरवण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

आधी बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात उंदरांच्या खुणा शोधाव्यात आणि एअर फिल्टरचा डबा उघडल्याशिवाय समाधान मानू नये. ऐरोलीत १४ महिने उभ्या असलेल्या माझ्या भावाच्या मोटारीचे इंजिन वरून अगदी स्वच्छ दिसत होते. डब्यात मात्र कागदाच्या कपट्यांचे घरटे निघाले आणि त्याच्या खालच्या दोन वायरींचे आवरण पार कुरतडलेले होते. अशा उघड्या वायरींतून वीज गेली तर शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. त्यामुळे ही तपासणी होईपर्यंत बॅटरी जोडूच नये. चांगल्या स्थितीतील, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. कित्येक महिने पूर्ण उतरून राहिलेली बॅटरी चार्ज झाली तरी भार पेलत नाही आणि बहुधा बदलावीच लागते.

पेट्रोलच्या बाबतीत काटकसर करू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे साचते, आणि पंप नेमका तळाशी असल्याने प्रथम तेच इंजिनाकडे जाते. वर्षभर पडून असलेले पेट्रोल मेकॅनिककडून काढून घ्यावे आणि ताजे भरावे. डिझेल गाडीत फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे.

आता इंजिन. ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलावा, कूलंटची पातळी पाहावी. दीर्घकाळ उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचा ऑइलचा थर निथळून गेलेला असतो. पेट्रोल गाडी असल्यास स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, काही तास थांबावे आणि मग क्रँक पुलीचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकावरील चाकाचा, बोल्ट पान्याने हलक्या हाताने, इंजिन ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवून पाहावा. अडकत असेल तर बळ लावू नये, मेकॅनिकला बोलवावे. मोकळे फिरले, तर फ्यूएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलची जोडणी काढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, थोडा थोडा वेळ सेल्फ मारावा. ऑइलचा दिवा विझला म्हणजे ऑइलचा दाब तयार झाला. त्यानंतरच प्लग आणि बाकीचे सर्व परत जोडून इंजिन सुरू करावे. पहिल्या धुरात जळालेल्या ऑइलचा वास येईल, तो लवकरच ओसरतो. बंद तळघरात मात्र हे काम मुळीच करू नये.

हँडब्रेक ओढलेला राहिला असेल, तर मागच्या ब्रेकचे लायनर (घर्षणपट्ट्या) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला चिकटलेले असू शकतात. गाडी पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये अगदी हळू मागेपुढे करून ते सुटतात; न सुटल्यास चाक काढावे लागते. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षे झाली असतील तर ते बदलावेच. टायरच्या बाजूवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. भेगा पडलेल्या टायरांवर भरवसा ठेवू नये.

विमा आणि पीयूसी यांची मुदत तपासल्याशिवाय गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर काढू नये. पहिली फेरी आवारातच, अगदी कमी वेगात, ब्रेक पुनःपुन्हा दाबून पाहत मारावी. पाम बीच मार्ग किंवा घोडबंदर रस्ता त्या दिवशी टाळावा. परत उभी केल्यावर गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि दुसऱ्या सकाळी त्यावर कुठे, कोणत्या रंगाचा थेंब पडला आहे ते पाहावे.