लेकराला पोहायला शिकवायचंय? नागपुरात सरकारी मदत कशी मागावी

ऊन तापायला लागलं की आमच्या नागपुरात घरोघरी कूलर लागतात आणि सुट्यांमध्ये पोट्टे पाण्याच्या शोधात निघतात. कुणी तलावावर जातं, कुणी नहरावर, कुणी पावसाचं पाणी साचलेल्या जुन्या खदानीत. दर उन्हाळ्यात बुडाल्याची बातमी वाचली की पोटात गोळा येतो.

"पोहण्याच्या शिकवणीला सरकारी अनुदान मिळतं का? फॉर्म कुठं भरायचा?" असं पालक विचारतात. फीचे पैसे थेट खात्यात येतील या आशेवर उन्हाळा घालवू नका. सरकारी आधार आहे तो सार्वजनिक तरणतलाव, क्रीडा कार्यालय, शाळा आणि अंगणवाडी यांच्या रूपानं. तो मागून घ्यावा लागतो, आणि काय मागायचं ते लेकराच्या वयावर ठरतं.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर क्लास शोधण्याआधी घरातलं पाणी झाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यांतली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं. बादलीत वाकलं, तोल गेला, की ते आत उलटतं आणि त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. आवाजही येत नाही. माझ्या बहिणीकडे कूलरमध्ये पाणी भरायला पाइप लावला होता, खाली अर्धी भरलेली बादली. ती मोटर बंद करायला आत गेली, तेवढ्यात तिचा दीड वर्षाचा मुलगा कोपरापर्यंत हात घालून बादलीवर ओणवा झाला होता. आता त्यांच्या घरी बादली वापरून झाली की पालथी असते, ड्रमवर घट्ट झाकण असतं आणि हौदाच्या झाकणाला कडी आहे.

आईबाप दोघंही कामाला जात असतील तर वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला 'पाळणा' योजनेबद्दल विचारा. केंद्राच्या या योजनेत 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. जवळ तसं केंद्र नसेल तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे वस्तीतल्या पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या. पाळणाघराचा आणि बुडण्याचा काय संबंध, असं वाटेल. बांगलादेशात लहान लेकरांना दिवसा सांभाळणारी केंद्रं हाच बुडणं रोखण्याचा मुख्य उपाय ठरला, आणि 2022 मध्ये तिथल्या सरकारनं अशा 8 हजार केंद्रांची योजना मंजूर केली.

सहा वर्षांपुढे मात्र पोहणं शिकवाच. आधी अंबाझरी भागातल्या सुधार प्रन्यासच्या तरणतलावावर आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात उन्हाळी तुकड्यांची चौकशी करा, मग खासगी क्लब बघा. फोटो, जन्माचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र तयार ठेवा. पैसे भरण्याआधी काठावर अर्धा तास उभं राहून बघा. जीवरक्षकाचं लक्ष पाण्यावर आहे की मोबाइलवर? खोलीचे आकडे दिसतात का? आणि प्रशिक्षकाला सांगा, स्ट्रोक म्हणजे पोहण्याच्या पद्धती नंतर शिकवा. लेकरू 25 मीटर पोहून आणि अर्धा मिनिट तरंगून दाखवेल एवढं आधी करून घ्या.

सगळ्यांत जोर लावायचा तो शाळेत. महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथं शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात पालकांचंच बहुमत असतं. समितीच्या बैठकीत ठराव घ्या: "इयत्ता पहिलीपुढच्या मुलांना जलसुरक्षा आणि पोहण्याचं प्रशिक्षण मिळावं." तो शाळा विकास आराखड्यात घालायला लावा. ठरावाची प्रत जोडून शिक्षण विभाग, क्रीडा अधिकारी आणि महापालिकेचं झोन कार्यालय या तिन्ही ठिकाणी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात एक गोष्ट जरूर लिहा. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेत विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला तर कुटुंबाला दीड लाख रुपये सानुग्रह अनुदान मिळतं. तो पैसा मूल गेल्यावर येतो. आम्हाला ते मूल वाचवायला पैसा हवा आहे, हे स्पष्ट शब्दांत मांडा.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.

पोहता येणाऱ्या मुलालाही एक सांगून ठेवा: मित्र बुडत असेल तर उडी मारायची नाही. ओरडायचं, काठी, ओढणी किंवा झाकण लावलेली रिकामी कॅन फेकायची, मोठ्यांना बोलवायचं. कन्हान नदीच्या पात्रात रेती उपसलेल्या खड्ड्यांपाशी एकामागून एक पोरं जातात ती याच उडीपायी.

बाहेर काढलेलं लेकरू श्वास घेत नसेल तर 108 किंवा 112 ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबू नका; त्यात मोलाची मिनिटं जातात. आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 वेळा दाबा, पुन्हा 2 श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. लेकरू खोकलून उठलं, बोलायला लागलं, तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवाच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.