दारूच्या उपचारांवर मिळून रिसर्च करायचाय? मग आधी ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती ते ठरवा

चार-पाच सेंटर एकत्र येतात, पहिल्याच मीटिंगमध्ये पेपरवर कुणाचं नाव आधी यावर तासभर वाद होतो, आणि पेशंटच्या ग्लासात नेमकं किती होतं हे कसं लिहायचं ते मात्र कुणीच विचारत नाही. मी अशाच एका कामात डेटा सांभाळायला होते, तिथे जे भोगलं त्यावरून सांगते.

एका सेंटरचे पेशंट दुसऱ्यापेक्षा खूपच जास्त पिणारे दिसत होते. आम्ही खूश, म्हटलं काहीतरी सापडलं! निघालं काय, तर एकीकडे एक ड्रिंक म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलेलं आणि दुसरीकडे १४ ग्रॅम. ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅम, अमेरिकेत स्टँडर्ड ड्रिंक १४ ग्रॅम, आणि फॉर्मवर नुसतं ‘ड्रिंक्स’ छापलेलं. नशीब की मूळ कागदांवर बाटलीची साइज होती, सगळं परत मोजलं.

म्हणून सगळं ग्रॅममध्येच लिहा. मिली गुणिले अल्कोहोलची टक्केवारी भागिले १००, त्याला ०.७९ ने (अल्कोहोलची घनता) गुणा, झालं. ३३० मिलीची ५ टक्क्यांची बीअर म्हणजे साधारण १३ ग्रॅम. हीच बाटली एका हिशोबात दीड युनिटच्या वर जाते आणि दुसऱ्यात पूर्ण एक ड्रिंकही भरत नाही.

विचारायची पद्धत पण एकच ठेवा. ‘आठवड्याला किती घेता’ असं विचारलं की माणूस अंदाजपंचे आकडा फेकतो. त्यापेक्षा कॅलेंडर समोर ठेवा, पगाराचा दिवस, कुणाचा वाढदिवस, घरात झालेलं भांडण अशा खुणा लावा आणि मग एकेक दिवस मागे जा, याला टाइमलाइन फॉलोबॅक म्हणतात. पेग विचारू नका, बाटली केवढी आणि किती उरली ते विचारा. मुलाखतीआधी श्वासाची टेस्ट शून्य हवी, पिऊन आलेल्या माणसाची संमती ही संमती नाही. जोडीला रक्तातली पीईटीएच टेस्ट ठेवा, ती साधारण २ ते ४ आठवड्यांचं पिणं पकडते. पण ती पोलिसासारखी वापरलीत तर लोक खरं सांगायचं बंद करतात, हे माझं मत.

आता ‘बरा झाला’ म्हणजे काय? पूर्ण बंद की कमी झाली? हे ट्रायल, म्हणजे उपचाराची चाचणी, रजिस्टर करतानाच लिहून टाका, नाहीतर शेवटी ज्याला जो आकडा आवडेल तो तो उचलतो. डब्ल्यूएचओच्या रिस्क लेव्हल्स आहेत, म्हणजे रोज किती ग्रॅम यावरून ठरवलेल्या धोक्याच्या पायऱ्या, दिवसाला सरासरी १०० ग्रॅमच्या वर पिणारा पुरुष ४० च्या आत आला तर तो फरक मोजण्यासारखा आहे, जरी अजून पीत असला तरी. आणि हे ठरवताना दारू सोडलेले लोक आणि घरचे टेबलावर हवेत, नुसते सहीपुरते नाही. आमच्याकडे एकजण म्हणाले, “किती दिवस प्यायलो नाही ते विचारता, झोप लागते का ते कधी विचारत नाही.” झोपेचे प्रश्न दुसऱ्या दिवशी फॉर्ममध्ये आले.

एवढी माणसं गोळा करायची गरज काय, असं वाटत असेल तर आकडे बघा. सेमाग्लुटाइड या डायबेटीस आणि वजनाच्या औषधाचा दारूसाठीचा २०२५ चा गाजलेला ट्रायल ४८ जणांचा होता, आशा वाटते पण तेवढ्यावर औषध देता येत नाही. अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅच या ट्रायलमध्ये १,७२६ जण होते, पेशंट बघून थेरपी निवडली तर जास्त फायदा होईल अशी कल्पना होती आणि १९९७ ला निकाल आला की बहुतेक जोड्या जमल्याच नाहीत. हा निकाल वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही, छोट्या स्टडीत हे कळलंच नसतं. मग २००६ चा कंबाइन ट्रायल, १,३८३ जण, ११ सेंटर, त्यात दारू सोडायच्या दोन औषधांपैकी नाल्ट्रेक्सोन चाललं आणि अकॅम्प्रोसेट नाही, जे युरोपातल्या बऱ्याच ट्रायल्समध्ये चाललं होतं. एक कारण असं देतात की तिकडचे पेशंट सुरुवातीला जास्त दिवस कोरडे होते. म्हणून पहिल्या गोळीआधी किती दिवस दारू बंद होती हा रकाना हवाच.

सेफ्टीत मात्र सूट नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘उद्यापासून बंद’ सांगू नका, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, दारू थांबल्यावर होणारा त्रास, म्हणजे विथड्रॉवल, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढा. ओपिऑइड (मॉर्फिन, हेरॉइनसारखे पदार्थ) घेणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन नको. डायसल्फिराम, म्हणजे ज्यावर दारू प्यायली तर त्रास होतो ती गोळी, तिची तर वेगळीच गंमत, तिचं बरंचसं काम ‘प्यायलो तर त्रास होईल’ या भीतीवर चालतं, त्यामुळे कोणाला खरी गोळी हे लपवलं की दोन्ही गट सारखेच घाबरतात आणि फरक दिसत नाही.

लिव्हर खराब, डिप्रेशन, सोबत दुसरं व्यसन, अशांना सरसकट बाहेर काढलंत तर उरलेले पेशंट ओपीडीत भेटणारच नाहीत. आणि मध्येच गायब झालेल्यांचं काय धरायचं तेही आधीच ठरवा, कारण गायब होणाऱ्यांत परत प्यायला लागलेले बरेच असतात.

एथिक्स, डेटा शेअरिंगचा करार, पेपरवरची नावं, हे लेखी करून मोकळे व्हा. मग स्टडीत पेशंटची भरती करण्याआधी एक करा, एकाच बनावट पेशंटची गोष्ट सगळ्या सेंटरच्या मुलाखत घेणाऱ्यांना द्या आणि प्रत्येकाला ग्रॅम काढायला सांगा. आमचं पहिल्या फेरीत जुळलं नाही, दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात जुळलं, मग भरती सुरू केली.