कीलिंगची रेघ आलेख कागदावर कशी काढायची

नववी-दहावीला हवामानबदल शिकवायचा असेल, तर मी मुलांना पुस्तक मिटून आलेख कागद काढायला लावते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वाढ दाखवणारी कीलिंगची रेघ त्यांच्याकडून काढून घेते. एक तासिका पुरते. जोडतासिका मिळाली तर उत्तमच.

क्ष-अक्षावर वर्षं घ्या, १ सेंमी = ५ वर्षं, सुरुवात १९६० पासून. य-अक्षावर हवेतला कार्बन डायऑक्साइड, १ सेंमी = १० पीपीएम. म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे किती, ते. हा अक्ष २८० पासून सुरू करा, कारण कारखानदारीच्या आधी हवेत साधारण तेवढा होता. अक्षसंकोचाची खूण (अक्ष शून्यापासून सुरू नाही हे सांगणारी नागमोडी रेघ) विसरायची नाही. ती नसेल तर मी गुण कापते, आणि त्याला कारण आहे: शून्य गाळलं की चढ आहे त्यापेक्षा उभा दिसतो. घरी कुणी काका ‘आलेख फुगवलाय’ म्हणाले, तर त्यांना खूण दाखवायची आणि सांगायचं की २८० वरून ४२५ म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच वाढ.

आता बिंदू. ही हवाई बेटावरच्या माउना लोआ वेधशाळेत मोजलेली वार्षिक सरासरी, पूर्णांकात: १९६० ला ३१७, १९७० ला ३२६, १९८० ला ३३९, १९९० ला ३५४, २००० ला ३७०, २०१० ला ३९०, २०२० ला ४१४, २०२४ ला ४२५. बिंदू पट्टीने जोडू नका, हातानेच जोडा. वर थोडी जागा सोडा, पुढच्या वर्षांचे आकडे भरायला लागतील.

माउना लोआ हा ज्वालामुखी. ज्यांच्या नावाने ही रेघ ओळखतात, त्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी मार्च १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू केली: सुमारे ३४०० मीटर उंची, भोवती पॅसिफिक, जवळपास ना कारखाना ना रान. २०२२ मध्ये लाव्ह्याने वेधशाळेचा रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या माउना केआवरून मोजणी चालू ठेवली. हा किस्सा सांगितला की मागच्या बाकांवरची मुलंही माना वर करतात. ‘आपल्याकडे कुणी मोजत नाही का?’ असं विचारलं तर सांगा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावर हेच काम केलंय.

खरा धडा वजाबाकीत आहे. प्रत्येक दशकाची वाढ बिंदूंच्या मध्ये लिहायला लावा: ९, १३, १५, १६, २०, २४. रेघ चढतेय हे सगळे सांगतात, ती दर दशकाला जास्त वेगाने चढतेय हे इथे मुलांना स्वतः सापडतं. मी या टप्प्यावर गप्प बसते.

कुणीतरी लॉकडाऊनचं विचारतंच. २०२० मध्ये जगाचं उत्सर्जन घटलं, मग रेघ का नाही वाकली? टाकीचा नळ थोडा कमी केला तरी पातळी चढतच राहते, एवढं उत्तर पुरे.

वेळ उरला तर एकाच वर्षाचे महिनावार आकडे देऊन वेगळा आलेख काढायला लावा. मे महिन्यात शिखर, सप्टेंबरच्या सुमारास तळ. उत्तर गोलार्धात जमीन आणि झाडोरा जास्त. तिथला उन्हाळा आला की झाडं वायू ओढून घेतात, पानं कुजली की तो परत हवेत येतो. फरक सहा-सात पीपीएमचा. वार्षिक सरासरीत ही लाट बुजते, म्हणून दोन्ही आलेख एकाच कागदावर काढू नका, मुलं गोंधळतात.