रोल येण्याआधी

सहलीच्या बसमध्ये किंवा होस्टेलच्या खोलीत माफिया खेळला असाल, तर लेखी माफियाला येताना त्यातलं निम्मं घरीच ठेवून या. इथे कोणाचे कान लाल झाले ते दिसत नाही, कोण उगाच हसतंय तेही कळत नाही. सगळा खेळ लिहून होतो, आणि अर्ध्या तासात संपत नाही. कधीच न खेळलेल्यांसाठी एवढंच: खेळ चालवणारा सूत्रधार प्रत्येकाला गुपचूप एक रोल, म्हणजे भूमिका देतो, काही जण माफिया, बाकीचे गावकरी. रात्री माफिया आपसांत ठरवून एकाला मारतात, दिवसा सगळे बोलून, मतं टाकून एका संशयिताला गावाबाहेर काढतात. गावकऱ्यांतला डॉक्टर रात्री एकाला वाचवू शकतो, पोलीस एकाचा रोल तपासू शकतो. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘दिवस’ 72 तासांचा आणि ‘रात्र’ 24 तासांची असते. नऊ जणांचा डाव धरला तर साधारण दोन आठवडे जातात. म्हणून पहिली तयारी कॅलेंडरची. त्या दोन आठवड्यांत घरात लग्न असेल, ऑडिट असेल, मुलांची परीक्षा असेल, तर सरळ पुढच्या डावाला नाव द्या. मध्येच अडचण आली तर सूत्रधाराला एका ओळीत सांगा, तो बदली खेळाडू घेतो आणि तुमचा रोल त्याच्याकडे जातो. त्यात कमीपणा काही नाही. न सांगता गायब होणारा मात्र आठ जणांचा डाव नासवतो.

कॅलेंडर झालं की घड्याळ. आमच्यातले काही पुण्यात, काही नाशकात आणि दोघं न्यू जर्सीत. उन्हाळ्यात त्यांच्या-आमच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा. एका डावात ‘रात्री 9 पर्यंत मत द्या’ एवढंच लिहिलं होतं, कुठले 9 ते लिहिलंच नव्हतं. तिकडच्या दोघांची मतं हुकली आणि एक बिचारा डॉक्टर गावाबाहेर गेला. तेव्हापासून वेळ नेहमी भारताची. तुम्ही ती फोनच्या अलार्मला लावा, अर्धा तास आधीची.

मग फोनची सेटिंग्ज. ‘लास्ट सीन’ आणि निळ्या टिका बंद करा. हे वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे एकदा मावशींना भाचीनंच धरलं होतं. “मावशी, काल रात्री साडेअकराला तुम्ही ऑनलाइन होतात. रोज दहाला झोपता ना?” मावशी बिचाऱ्या बहिणीशी बोलत होत्या. खेळाबाहेरचा पुरावा खेळात आणायचा नाही हा नियम त्या रात्रीच झाला. त्याचाच जुळा भाऊ म्हणजे शपथेचा नियम. ‘आईशप्पथ मी गावकरी आहे’ हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. गावकरी बिनधास्त शपथ घेईल, माफिया अडखळेल, आणि डाव तिथेच संपेल. सूत्रधारानं पाठवलेल्या रोलच्या मेसेजचा स्क्रीनशॉट टाकणंही याच कारणानं बंद. मेसेज एडिट करायचा नाही; चूक झाली तर खाली दुसरा मेसेज लिहा. आणि मेलेला माणूस बोलत नाही, ‘अरे रे’सुद्धा नाही.

मत कसं द्यायचं तेही आधी पाहून ठेवा. आम्ही पोल वापरत नाही, कारण पोलमध्ये मत बदललं की आधीचं पुसलं जातं, आणि कोणी कधी पलटी मारली हाच तर या खेळातला पुरावा. दोन्ही बाजूंना चांदणी लावून ठळक अक्षरात ‘मत: अमुक’ लिहायचं; बदलायचं तर ‘मत मागे’ लिहून नवं द्यायचं. नऊ जणांत पाच मतं पडली की तो माणूस बाहेर, वेळ उरली असली तरी. त्यामुळे चार मतं झालेल्यावर पाचवं टाकण्याआधी मोजा. नवशिक्याच्या हातून सर्वांत मोठी चूक इथे होते: गप्पांच्या भरात शेवटचं मत पडतं, आणि समोरच्याला बचावाचं एक वाक्यही लिहायला मिळत नाही.

आता थोडं गणित, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. 9 जणांत 2 माफिया, 7 गावकरी. पहिल्या दिवशी गावानं चुकीचा माणूस काढला, रात्री माफियानं एक मारला, उरले 7. तीच चूक पुन्हा झाली, उरले 5: तीन गावकरी, दोन माफिया. तिसऱ्यांदा चुकलात की दोनास दोन, आणि बरोबरी झाली की गावाच्या मतांनी माफियाला काढता येत नाही, म्हणून माफिया जिंकला. म्हणजे गावाला दोन चुका परवडतात, तिसरी नाही. डॉक्टरनं एखाद्या रात्री अचूक माणूस वाचवला तर थोडा श्वास मिळतो, इतकंच. हा खेळ मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्हनं 1986 च्या सुमारास मांडला. मोजक्या लोकांना सगळं माहीत असतं आणि बहुसंख्यांना काहीच नाही, या दोघांची झुंज हा त्याचा गाभा. अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिन या गेम बनवणाऱ्यानं 1997 मध्ये माफियाच्या जागी लांडगा (‘वेअरवुल्फ’) आणला, तेव्हाही गाभा तोच राहिला. आपण चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळायचो, त्यात शिपाई नुसता तोंड बघून चोर ओळखायचा. इथे तोंड नाही, म्हणून लोकांना बोलतं करावं लागतं.

आणि इथेच नवीन माणूस गडबडतो. त्याला वाटतं, आधी दोन दिवस नुसतं वाचू, खेळ समजला की बोलू. असं करू नका. गप्प माणूस गावाला काहीच देत नाही आणि माफियाला लपायला जागा करून देतो. संशय त्याच्यावर जायचाच. पहिल्या दिवशी कोणाकडेच माहिती नसते, अनुभवी लोकही अंदाजानंच मतं टाकतात. तुम्हीही एक टाका, कारण लिहा, कारण फुसकं असलं तरी चालेल. ‘यानं माझ्या प्रश्नाला उत्तर न देता दुसराच प्रश्न विचारला’ एवढं पुरतं. दिवसातून दोनदा येऊन प्रत्येक वेळी तीन-चार ओळी लिहिणारा माणूस, रविवारी एकदम दोन पानी निबंध टाकणाऱ्यापेक्षा गावाच्या जास्त कामाचा.

वही मात्र ठेवा. मी पाठकोरे कागद वापरतो, प्रत्येक खेळाडूला एक. कोणी कोणाला मत दिलं, केव्हा मागे घेतलं, कोणाची बाजू न मागता घेतली, एवढंच. तिसऱ्या दिवशी 600 मेसेज मागे जाऊन शोधण्यापेक्षा हे सोपं. कोणी मेल्यावर त्याचा रोल उघड होतो, तेव्हा त्याचा कागद पुन्हा वाचा. माफिया निघाला असेल तर त्याच्या अंगाला न लागता फिरणारा कोण होता, ते तिथे दिसतं.

मनाची तयारी शेवटी लिहितोय, पण खरी हीच. “तू खोटं बोलतोयस” असं कोणीतरी तुम्हाला लिहिणार आहे. ते तुमच्या रोलबद्दल असतं. ऑफिसातला मित्र, धाकटी वहिनी, कोणीही लिहील. राग आला तर फोन उपडा ठेवून चहा टाका. तावातावानं लिहिलेला बचाव हमखास माफियासारखा वाचला जातो, गावकऱ्याचाही. शंका खेळावर घ्या, माणसाच्या हुशारीवर किंवा जातीगोतावर घसरू नका. गावकरी असाल तर खोटं बोलू नका, गावाला पुढे तेच निस्तरावं लागतं. पोलीस असाल तर पहिल्याच दिवशी जाहीर करू नका, त्याच रात्री जाल. माफिया असाल तर नेहमी जसं टाइप करता तसंच करा. एरवी ‘हो ना’, ‘च्यायला’ लिहिणारा माणूस अचानक पूर्णविराम देऊ लागला की आम्ही सावध होतो.

एक संध्याकाळ डावानंतरचीही मोकळी ठेवा. तेव्हा सूत्रधार माफियाचा गुप्त ग्रुप सगळ्यांना वाचायला देतो. माझ्या पहिल्या डावात मी साधा गावकरी होतो आणि शेवटच्या तिघांपर्यंत टिकलो. आपल्या चतुराईनंच माफियाला हात लावता आला नाही, असं मी दोन दिवस घरी सांगत होतो. गुप्त ग्रुपमध्ये दुसऱ्या रात्रीच्या नोंदी वाचल्या. एकानं विचारलं होतं, आज याला उडवू का? खाली उत्तर होतं: “नको रे, राहू दे त्याला. आपलं काम तोच करतोय.”