गेमची लेव्हल बनवायचीय? मॉडेलिंग आणि टेक्श्चरचं सॉफ्टवेअर असं निवडा

"सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कुठलं" हा प्रश्न आधी सोडून द्या. मॉडेलिंग म्हणजे थ्रीडी आकार घडवणं, टेक्श्चर म्हणजे त्यावर चढवायचं चित्र. लेव्हल, म्हणजे खेळाडू गेममध्ये फिरतो ती जागा, कुठल्या गेमसाठी करताय ते ठरलं की निम्मं उत्तर आपोआप मिळतं, कारण तुमची फाइल शेवटी कुठे जाऊन पडणार तिथूनच उलटं मागे यायचं असतं. क्वेक ह्या जुन्या शूटिंग गेमसाठी मॅप (म्हणजे लेव्हलच) करायचाय आणि पोरगं महिनाभर माया हे स्टुडिओतलं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकत बसलंय, हे म्हणजे गोव्यातल्या दिवाड बेटावर जायला विमानाचं तिकीट शोधण्यासारखं, फेरीबोट समोर उभी आहे ना बाबा.

समजायला सोपं म्हणून एकच उदाहरण धरू, आपल्याकडचं, गोव्यातलं जुनं घर: चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, पुढे बल्कांव (बसायच्या कट्ट्यांचा ओटा), वर मंगळुरी कौलं, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, अंगणात तुळशीवृंदावन.

आता हेच घर क्वेक किंवा जुन्या हाफ-लाइफमध्ये उभं करायचं असेल तर ट्रेंचब्रूम घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि यात मॉडेलिंग असं वेगळं नसतंच, ब्रश म्हणजे ठोकळे ओढायचे, कापायचे, जोडायचे. यूव्ही उलगडायची, म्हणजे चित्र बसवायला मॉडेलची कातडी सपाट पसरायची, भानगड नाही, भिंतीवर टेक्श्चर टाकलं की बसतं, सरकवायचं आणि फिरवायचं तेवढं. मर्यादा एकच पण मोठी, प्रत्येक ब्रश बहिर्गोल हवा, आत खळगा असलेला आकार एका ब्रशमध्ये होत नाही, आणि मॅप चारी बाजूंनी बंद हवा नाहीतर कंपाइल करताना (मॅप गेमला चालेल अशा फाइलमध्ये बदलताना) लीक, म्हणजे फट राहिल्याची चूक, येते. खोल्या, जिने, कंपाउंडची भिंत हे सगळं ब्रशने मस्त होतं. पायरी १६ युनिटची (युनिट हे गेममधलं मोजमाप) ठेवा, कारण १८ च्या वर गेली की खेळाडू नुसता चालत चढत नाही, उडी मारावी लागते. बल्कांवच्या पायऱ्या बनवताना हे हमखास विसरायला होतं.

काउंटर-स्ट्राइक २ साठी हॅमर, तो गेमच्या वर्कशॉप टूल्सबरोबर स्टीमवर मिळतो, विंडोजवरच चालतो. नवीन हॅमरमध्ये थेट मेश (बिंदू आणि पृष्ठं जोडून बनलेला थ्रीडी आकार) ओढून मॉडेलिंग करता येतं, त्यामुळे घराचा सांगाडा तिथेच होऊन जातो आणि बाहेरचं सॉफ्टवेअर फक्त खांब, खुर्ची, वृंदावन असल्या वस्तूंसाठी लागतं. डूमसाठी अल्टिमेट डूम बिल्डर आणि टेक्श्चर भरायला स्लेड, त्यात थ्रीडी मॉडेलिंगचा संबंधच येत नाही. स्वतःचाच गेम बनवत असाल आणि त्याचं इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) युनिटी असेल तर प्रोबिल्डर, अनरिअल ५ मध्ये मॉडेलिंग मोड आतच आहे. गोडो वापरणाऱ्यांची तर मजा आहे, ब्लेंडर हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल असेल तर गोडो त्याची डॉट ब्लेंड फाइल सरळ उघडतो.

बाकी वस्तूंसाठी माझं मत सरळ आहे, ब्लेंडर. फुकट आहे म्हणून फक्त नाही, तर अडलं की शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि यूव्ही, बेकिंग (उजेड-सावली आणि बारकावे टेक्श्चरमध्ये उतरवणं), टेक्श्चर पेंट सगळं एकाच ठिकाणी आहे. मूळ कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो जमवून ह्याचा कोड मोकळा करून घेतला, त्यामुळे उद्या भाडं वाढवलं म्हणून दार बंद होणार नाही. ज्यांनी २.८ आवृत्तीच्या आधी उघडून घाबरून बंद केलं होतं त्यांनी परत बघा, २०१९ नंतर ते पुष्कळ माणसात आलंय. माया आणि थ्रीडीएस मॅक्स वाईट नाहीत, पण स्टुडिओत नोकरी करायची असेल आणि कॉलेजचा विद्यार्थी परवाना मिळत असेल तरच त्या वाटेला जा, छंद म्हणून लेव्हल करायला एवढे पैसे घालायची काही गरज नाही. आणि क्रॅक केलेलं नकोच, तत्त्वज्ञान राहू दे बाजूला, त्यातून लॅपटॉपमध्ये काय काय शिरतं ते कोणाला ठाऊक! एकदम चौकोनी, लो-पॉली (कमी पृष्ठांचं), माइनक्राफ्टसारखं करायचं असेल तर ब्लॉकबेंच ब्लेंडरपेक्षा कितीतरी सोपं आहे.

मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर निवडलं की घर बांधायला घेऊ नका. आधी एक मीटरचा ठोकळा करा, त्याच्या सहाही बाजूंना आकडे आणि वर जाणारा बाण असलेलं टेक्श्चर लावा, एक्सपोर्ट करा आणि गेममध्ये नेऊन खेळाडूच्या शेजारी उभा करा. ठोकळा डोंगराएवढा झाला? स्केलचं युनिट चुकलं, अनरिअल सेंटिमीटरमध्ये मोजतं, ब्लेंडर मीटरमध्ये. आडवा पडला? वरची दिशा वेगळी आहे, ब्लेंडर आणि अनरिअलमध्ये झेड वर, युनिटी आणि गोडोमध्ये वाय वर. एक्सपोर्टच्या आधी ब्लेंडरमध्ये कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय केलं नसेल तर तेही इथेच कळतं. हा ठोकळा ज्या सॉफ्टवेअरमधून धड पोचत नाही ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, तुमच्या कामाचं नाही. फाइलचा प्रकार म्हणाल तर गोडोला जीएलटीएफ, अनरिअल-युनिटीला एफबीएक्स, हे धरून चाला.

छपराबद्दल जरा थांबून सांगतो कारण सगळे इथेच घोळ घालतात. प्रत्येक कौल वेगळं मॉडेल करू नका, गेम रांगायला लागेल. छपराचा सगळा उतार म्हणजे एक सपाट पान, त्यावर कौलांचं टेक्श्चर आणि नॉर्मल मॅप (खोटा उंचसखलपणा दाखवणारं चित्र). फक्त जिथून पावसाच्या पागोळ्या पडतात ती खालची कड, आणि वरचं कोनं (छपराच्या माथ्यावरची ओळ), एवढीच कौलं खरी गोलाईची करायची, एकच कौल बनवून ब्लेंडरच्या अ‍ॅरे मॉडिफायरने ओळीत लावायचं. खालून बघणाऱ्याला कडच दिसते, तो फसतो. शिंपल्यांच्या खिडकीचंही तसंच, पारदर्शक मटेरियल देऊ नका, पारदर्शक गोष्टी एकामागे एक आल्या की इंजिनला आधी कुठली काढायची तेच कळत नाही आणि वेगही मरतो. तावदानं अपारदर्शकच ठेवा आणि प्रत्येक चौकटीला थोडा कमी-जास्त उजेड देणारा एमिशन मॅप द्या, आत दिवा लावल्यासारखं दिसतं.

आता टेक्श्चर. सबस्टन्स पेंटर, म्हणजे मॉडेलवर थेट रंग चढवायचं सॉफ्टवेअर, चांगलं आहे यात वादच नाही, पण २०१९ मध्ये अ‍ॅडोबीने ते बनवणारी कंपनी घेतली आणि आता त्यांच्याकडून ते भाड्यानेच मिळतं, स्टीमवर वर्षाच्या नावाची एकदाच पैसे भरायची आवृत्ती मिळते ती परवडत असेल तर बघा. पण मला विचाराल तर लेव्हलला त्याची गरज कमीच पडते. पेंटर कामाचं एकेका वस्तूला, बंदुकीला, पात्राला. लेव्हलमध्ये ऐंशी टक्के भिंत, जमीन आणि छप्पर, म्हणजे परत परत लागणारं, जोड न दिसणारं टेक्श्चर. त्याला क्रिता हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर पुरतं, डब्ल्यू दाबलं की रॅप-अराउंड मोड चालू होतो आणि उजवीकडे मारलेला ब्रश डावीकडून बाहेर येतो, जोड तिथल्या तिथे पुसता येतात. फोटो साफ करायला गिम्प. आकडे आणि नोड (एकेक काम करणारे डबे) जोडून पॅटर्न बनवायचा असेल तर मटेरियल मेकर, तेही फुकट. आणि काहीच बनवायचं नसेल तर पॉली हेवन आणि अँबियंटसीजी, दोन्हीकडे सीसी झिरो परवाना, विकायच्या गेममध्येही चालतं.

पण चिऱ्याची भिंत तिथे आपल्यासारखी मिळत नाही ना. ती स्वतःच काढा, फोन पुरतो. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं तेव्हा काढायची, उन्हात काढली तर चिऱ्याच्या प्रत्येक भोकात काळी सावली बसते आणि गेममधला सूर्य दुसऱ्या बाजूला असला की भिंत खोटी वाटते. फक्त भिंत ओली नको, ओली चमकते. समोरून सरळ उभं राहून, जरा लांबून झूम करून, आणि एका फोटोत मोजपट्टी टेकवून ठेवा, नंतर चिरा किती मोठा ठेवायचा त्याचा अंदाज घ्यावा लागत नाही. पणजीच्या फॉन्तेन्हास ह्या जुन्या वस्तीत कोणाच्या घराची रंगवलेली भिंत हवी असेल तर आधी विचारा, ती माणसं राहतात तिथे, सेट नाही तो.

साइझ किती? दोन मीटर बाय दोन मीटर भिंतीला १०२४ पिक्सेलचं टेक्श्चर म्हणजे मीटरला ५१२ पिक्सेल, चालत फिरायच्या गेमला भरपूर. आणि हाच आकडा घरभर ठेवा, दार ५१२ आणि भिंत १०० असली की डोळ्याला लगेच टोचतं. चार हजार पिक्सेलच्या मोहात पडू नका, ४०९६ चं एक टेक्श्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी खातं, १०२४ चं फक्त ४. क्वेकला तर २५६ रंगांचंच पॅलेट आणि साइझ १६ च्या पटीत लागते, तिथे मोठ्या फोटोचा उपयोगच नाही. त्याचं पॅलेट असंही तपकिरी, आपल्या चिऱ्याला शोभतं.

नॉर्मल मॅपची एक बारीक गोष्ट. अनरिअलला डायरेक्टएक्स पद्धतीचा लागतो, ब्लेंडर, युनिटी, गोडोला ओपनजीएल. चुकीचा टाकला तर चिऱ्यांमधल्या आडव्या फटी आत जायच्या ऐवजी फुगून बाहेर आल्यासारख्या दिसतात. त्या मॅपचा हिरवा चॅनेल (चित्रातला हिरव्या रंगाचा थर) उलटा केला की झालं. भिंतीच्या पायथ्याचं हिरवं शेवाळ मात्र टेक्श्चरमध्येच रंगवून टाकू नका, ते दर दोन मीटरला तसंच्या तसं दिसेल. साधा चिरा आणि शेवाळी चिरा अशी दोन टेक्श्चर करा आणि व्हर्टेक्स पेंटने (मॉडेलच्या बिंदूंना रंग देऊन) एकात एक मिसळा, जिथे पन्हाळ्याचं पाणी पडतं तिथे दाट, दाराशी विरळ.

लॅपटॉप जुना असेल तर डाउनलोड करायच्या आधी ग्राफिक्स बघा. विंडोज आणि लिनक्सवर ब्लेंडर ४.० पासून ग्राफिक्सला ओपनजीएल ४.३ चालावं लागतं, नसेल तर जुनी आवृत्ती ३.६ एलटीएस घ्या, लेव्हलच्या कामाला त्यात काही कमी नाही. आणि जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी ऑटोसेव्ह करतं पण टेम्प फोल्डरमध्ये, वीज आली की फाइल मेनूतल्या रिकव्हरमध्ये जाऊन ऑटो सेव्ह उघडा आणि लगेच आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये नवीन नावाने सेव्ह करा. क्रितामध्ये ऑटोसेव्हची वेळ सेटिंगमधून कमी करता येते, ती पावसाळ्यापुरती तरी करूनच ठेवा.